कानामागच्या सुया

आमची मुलगी चार वर्षांची असताना तिला ताप आला. दुसऱ्या दिवशी मान लाकडासारखी ताठ झाली. वर्ध्याच्या दवाखान्यात पाठीच्या कण्यातून पाणी काढून पाहिलं आणि मेंदूज्वर आहे म्हणून सांगितलं. ती वाचली. घरी आणलं तेव्हा गल्लीतले सगळे बघायला आले. ती खाटेवर बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या आईने मागून हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. आईने आणखी मोठ्याने हाक मारली, मग जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती दचकली.

"अशक्त झाली पोट्टी. येईन हळूहळू ध्यानावर," शेजारीण म्हणाली. आम्ही दोघांनी तेच धरून ठेवलं. पोळ्यापर्यंत धरून ठेवलं. मग पुन्हा वर्ध्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या कानाशी वेगवेगळे आवाज करून पाहिले आणि कानाची नस तापात जळाली, ती परत येत नाही, असं अगदी हळू आवाजात सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला तेव्हा नीट कळली नव्हती. "तिला जे शब्द येतात ते टिकवा. ऐकू येत नाही म्हटल्यावर ते जातील."

ते गेले. तिला बोलता येत होतं, गाणी येत होती. शेजारच्या कोंबडीला ती 'कोंबली' म्हणायची आणि तिच्यामागे ओरडत धावायची. ताप उतरल्यावर काही महिने ती तसंच बोलली, फक्त फार मोठ्याने. मग शब्दांची टोकं झिजायला लागली. पाणीचं 'पाई' झालं, मग 'पा' झालं, मग नुसता 'आ' हा आकार राहिला. तो आकार भूक लागली तरी तसाच, आणि राग आला तरी तसाच. तिची आई रोज संध्याकाळी तिला समोर बसवून एकेक शब्द तोंड मोठं करून म्हणायची. मुलगी तिच्या ओठांना बोट लावायची आणि हसायची. काही दिवसांनी हसणंही बंद झालं.

मी हिंगणघाटला कापडगिरणीत विणाई खात्यात होतो. माग चालू असताना तिथे माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे आम्ही हातांनीच बोलायचो. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, साहेब येऊन राह्यला, चहाला चल, घरी पाहुणे आहेत, बायको रुसली, सगळं हातांवर आणि भुवयांवर चालायचं. पंधरा वर्षं मी तसं बोलत होतो आणि त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं. मुलीचे शब्द जायला लागले तेव्हा माझे हात आपोआपच घरी बोलायला लागले. जेवायला ये. बाहेर कुत्रं आहे. मी गिरणीत जातो. ती पटकन शिकली. स्वतःच्याही खुणा काढायला लागली. कोंबडीसाठी तिने मान पुढे-मागे करायची खूण काढली होती. मला ते बरं वाटायचं. तिच्या आईला वाटत नसे. ती म्हणायची, "तुम्ही हात हालवता, अन् थे बोलणं इसरते."

सुईवाल्या डॉक्टरांचं नाव खात्यातल्या एका जोडीदाराने काढलं. त्याचा खांदा वर्षभर वर जात नव्हता, तो वर्ध्याच्या या डॉक्टरांनी सुया टोचून मोकळा केला होता. चीनमधली विद्या आहे म्हणाला. त्या दिवसांत आमच्याकडे चीनचं नाव निघालं की लोकांना बासष्टची लढाईच आठवायची. माझा मेव्हणा म्हणाला, "चिन्यायनं आपल्या पोरायले गोळ्या घातल्या, अन् तुम्ही त्यायच्या सुया लेकराच्या कानात घालता का?" गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात नवस बोलून झाला होता, झाडपाला कानात पिळून झाला होता. तिची आई मला एवढंच म्हणाली, "अजी, येत्या सुट्टीले आपण जाऊ."

ते डॉक्टर आपल्याकडचं रीतसर डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेले होते आणि नंतर कलकत्त्याला राहून ही सुयांची विद्या शिकले होते. स्टेशनच्या अंगाला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी आणि भिंतीवर एका उघड्या माणसाचं चित्र. त्याच्या अंगभर रेघा काढलेल्या, रेघांवर ठिपके आणि ठिपक्यांशेजारी चिनी अक्षरं. नव्या माणसाला ते एकदम आत घेत नसत. सगळ्या नव्या लोकांना सतरंजीवर बसवून स्वतः समोर स्टूल घेऊन बसायचे आणि आधी समजावून सांगायचे. ते मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की आजही मला जवळजवळ जसंच्या तसं आठवतं.

"ही सुई बघा," ते म्हणायचे आणि केसाएवढी बारीक सुई दिव्यासमोर धरायचे. "ही पोकळ नाही. हिच्यात दवाई नाही. हे इंजेक्शन नाही, तेव्हा घाबरायचं काम नाही. चिनी लोक मानतात की शरीरात एक शक्ती वाहते. तुम्ही प्राण म्हणा, वारा म्हणा, काही म्हणा. तिच्या वाटा ठरलेल्या आहेत, त्या या चित्रात आहेत. वाट कुठे अडली की दुखणं येतं. सुई त्या वाटेवरच्या ठिकाणी टोचायची आणि वाट मोकळी करायची. खरंच अशी शक्ती आहे का, हे मला चिरफाड करून दाखवता येणार नाही. पण माणसं बरी होतात, हे मी पाहिलंय."

मग सूचना असायच्या. उपाशीपोटी येऊ नका, भोवळ येते. सायकल मारत धापा टाकत येऊ नका, थोडं बसा. पोटात बाळ असेल तर आधी सांगा. टोचताना मुंगी चावल्यासारखं होईल, मग तिथे जडपणा येईल, मुंग्या येतील, ते व्हायलाच पाहिजे. सुई अंगात असताना हलू नका. सुया मी उकळून घेतो. काही जणांना दवण्याच्या जातीच्या वाळलेल्या पाल्याची विडीसारखी गुंडाळी करून तिचा शेक देईन, त्याचा वास येईल. आणि शेवटी ते बोट वर करून म्हणायचे, "सगळं बरं होत नाही. सांधे, कंबर, अर्धशिशी, तोंड वाकडं झालेलं, याला उपयोग होतो. मोडलेलं हाड आणि मोतीबिंदू माझ्याकडे आणू नका."

त्या पहिल्या दिवशी तिची आई सतरंजीवरूनच म्हणाली, "अन् कान?"

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाले, "मुक्या-बहिऱ्या मुलांना चीनमध्ये फायदा झाला असं छापून आलंय. मी स्वतः पाहिलेलं नाही. जबान देत नाही. बघू."

'बघू' एवढ्या शब्दावर आम्ही दीड वर्ष जगलो.

आत नेल्यावर त्यांनी मुलीच्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. एकेका मनगटात ते शरीरातली वेगवेगळी ठिकाणं शोधत. जीभ पाहिली. चिनी शास्त्रात कानाची वाट मूत्रपिंडाशी जोडलेली असते म्हणाले, म्हणून पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूलाही एक सुई लागेल. बाकीच्या कानाच्या पाळीमागे, कानासमोर तोंड उघडल्यावर खळगा पडतो तिथे, मनगटाच्या वर आणि अंगठ्याशेजारी. मग त्यांनी मला विचारलं, "घरी हिच्याशी कसं बोलता?"

मी हात करून दाखवले.

"ते बंद करा. उपचार चालू आहे तोवर तरी. हातांनी भागतं म्हटल्यावर कान कशाला मेहनत करेल? तिला ऐकायची गरज वाटली पाहिजे."

तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी हात खाली घेतले.

मुलीला पहिली सुई टोचली तेव्हा तिने आवाज केला नाही. आईने तिला मांडीवर घट्ट धरलं होतं आणि मी पाय धरले होते. ती माझ्याकडे पाहत होती. तिची नजर माझ्या हातांवर होती. खात्यात माग बंद पडला की जोडीदार अशीच हातांकडे नजर लावतो, काय झालं ते सांग म्हणून. माझे हात तिच्या घोट्यांवर होते आणि मी ते हलवले नाहीत.

त्यानंतर एक दिवसाआड तिची आई तिला घेऊन एस.टी.ने वर्ध्याला जायची. सुट्टीच्या दिवशी मी जायचो. सतरंजीवर दर वेळी नवी माणसं असायची. सेलूकडची एक म्हातारी गुडघ्यांसाठी यायची. तिला डॉक्टरांनी सगळं समजावल्यावर ती म्हणाली होती, "बापा, एवढं सांगितलं तं आता सुई लागली तरी दुखणार नाई." सगळे हसले. आमची मुलगी त्या हसणाऱ्या तोंडांकडे पाहत माझ्या शेजारी बसली होती. तिला आत ओढून न्यावं लागायचं.

फायदा होतोय असं आम्हाला वाटायचं. वाटून घ्यायचो. एकदा मी पाळीवरून आलो तर तिची आई दारातच उभी. हातातून परात पडली आणि पोरगी वळली म्हणाली. "म्या पाह्यलं नं डोयानं. वयली थे. आयकू आलं तिले." तिचा चेहरा असा झाला होता की मला पुढे काही विचारवेना. पण मला राहवलं नाही. जेवणं झाल्यावर मी मुलीला खाटेवर बसवलं, तिचे पाय खाटेवर घेतले, आणि मागे जाऊन तीच परात टाकली. शेजारची म्हैस दचकली. मुलगी आपल्या फ्रॉकचं बटण फिरवत बसली होती. मग मी तिला जमिनीवर बसवलं आणि परात टाकली. ती वळली. तिला फरशीतून हादरा कळला होता.

"कायले केलं तुम्ही असं?" तिची आई म्हणाली. "आजचा एक दिवस तं राहू द्याचा होता."

डॉक्टरही दर महिन्याला मुलीच्या पाठीमागे पितळी घंटा वाजवून पाहायचे. आम्ही श्वास रोखून उभे असायचो. ते घंटा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आणखी थोडे दिवस."

पावसाळ्यानंतरची गोष्ट. तिच्या आईने गिरणीतल्या चिंध्यांची एक बाहुली करून दिली होती. मुलगी अंगणात ती बाहुली घेऊन बसली होती आणि आम्ही दोघं आतून पाहत होतो. कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या होत्या. तिने त्यांचे काटे मोडून आणले होते. आधी तिने बाहुलीला समोर उभं केलं, डोळे मोठे केले, बोट नाचवलं, तोंडाने नुसता हवेचा आवाज करत तिला रागावली. मग एक चापट मारली. मग मांडीवर आडवी घेऊन एका हाताने दाबून धरली आणि तिच्या कानाच्या जागी, मागे, हातांवर, पायांवर काटे टोचले. पुन्हा बोट नाचवून रागावली, पुन्हा टोचले.

तिची आई चुलीपाशी उभी होती. ती खाली बसली.

"तिले वाटून राह्यलं आपण मारतो तिले," ती म्हणाली. "कायच्यातरी पायी शिक्षा करतो म्हणून."

वर्ध्याच्या त्या सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला, त्या सेलूच्या म्हातारीलाही, सुई का टोचायची ते समजावून सांगितलं जात होतं. जिला सगळ्यात जास्त सुया लागत होत्या तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मी अंगणात गेलो, तिच्यासमोर बसलो आणि डॉक्टरांनी बंद केलेले हात उचलले. कान. सुई. मग चांगलं. ऐकू येईल. पण 'ऐकणं' याची खूण माझ्याकडे नव्हती. गिरणीत ती लागतच नाही. मी कानाकडे बोट दाखवलं की तिने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

पुढच्या खेपेला तिची आई डॉक्टरांना म्हणाली, "मले टोचा. तिच्यासमोर टोचा. म्हंजे तिले समजीन का ही शिक्षा नोय."

"पण तुम्हाला होतंय काय?" डॉक्टर म्हणाले.

"मले काई नाई."

"काही नसताना मी सुई लावत नाही."

तिने खाली पाहत सांगितलं, लग्नाच्या आधीपासून अर्धं डोकं दुखतं, उन्हातून आलं की ओकाऱ्या होतात. हे मला माहीत होतं. पण ती कधी तक्रार करत नसे, म्हणून त्यावर कधी बोलणंही झालं नव्हतं. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि तिला टेबलावर निजवलं. कपाळाच्या बाजूला, मानेत, अंगठ्याशेजारी, पायाच्या बोटांमध्ये सुया लावल्या. ती सगळा वेळ मुलीकडे पाहून हसत होती. तिचं असं लांबवलेलं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी जवळ गेली. आईच्या हातावर टोचलेल्या सुईकडे वाकून पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. मग एकदम डॉक्टरांचा डगला धरून त्यांना मागे ओढायला लागली. तोंडाने तो एकच 'आ' काढत होती. मी तिला उचलून बाहेर नेलं. भिंतीवरच्या चित्रासमोर उभं राहून ती हुंदके देत राहिली.

त्यानंतर आत गेलं की ती आईला ढकलून बाजूला करायची आणि स्वतः टेबलावर चढून निजायची. न धरता निजायची. डॉक्टर म्हणाले, "बघा, समजलं तिला." तिच्या आईनेही मान हलवली. मला तसं वाटलं नाही. आईला टोचलं जाऊ नये म्हणून ती निजत होती असं मला वाटायचं. पण ते कोणाला विचारणार? तिलाच विचारायचं तर कोणत्या खुणेने?

मुलीचं झालं की तिला बाहेर बसवून डॉक्टर आईलाही सुया लावत राहिले. आणि तिच्या आईचं डोकं दुखायचं थांबलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, एकदाही दुखलं नाही. पहिल्यांदा तिने मला सांगितलंच नाही. उन्हातून वाळवण काढून आली आणि आडवी न होता कामाला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी विचारलं तर रागावल्यासारखी म्हणाली, "हो, थांबलं. मग काय करू?"

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी घंटा वाजवून पाहिली, ठेवली, आणि या वेळी 'आणखी थोडे दिवस' म्हणाले नाहीत. मुलीला बाहेर बसवायला सांगितलं.

"मी आता थांबतो," ते म्हणाले. "तिला उगीच टोचणं मला जमणार नाही. मला वाटलं होतं होईल. झालं नाही."

"आणखी सहा महिने पाहू," तिची आई म्हणाली.

"नाही बाई."

"माह्या डोक्यातली वाट सापडली तुमच्या सुईले. मले नोयती पाहिजे. मंग तिच्या कानाची काऊन नाई सापडत?"

डॉक्टर सुयांची डबी बंद करत होते. त्यांनी ती पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. "तुमची वाट अडलेली होती," ते म्हणाले. "तिची बहुतेक राहिलीच नाही. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं असेल." मग म्हणाले, "तुमचं चालू ठेवा. अर्धवट सोडलं तर परत येईल."

तिने चालू ठेवलं नाही. मी सांगून पाहिलं, मेव्हण्यानेसुद्धा सांगितलं. चैत्रात डोकेदुखी परत आली. अंधार करून, डोक्याला फडकं आवळून ती पडून राहायची. मी वर्ध्याला चल म्हटलं की भिंतीकडे तोंड करायची. एकदाच म्हणाली, "माह्यं बरं करून मी तिच्यासमोर कशी बसू?"

मी मुलीशी पुन्हा हातांनी बोलायला लागलो. पण दीड वर्षात काहीतरी बिघडलं होतं. ती माझ्या हातांकडे पाहायची, सांगितलेलं करायची, पण स्वतः हात उचलत नसे. कोंबडी समोरून गेली तर मी तिचीच जुनी खूण करून दाखवली. ती उठून घरात गेली.

सात वर्षांची झाल्यावर तिला नागपूरला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत ठेवलं. तिथेही ओठांवरून समजून घ्यायचं आणि तोंडाने बोलायचं असाच नियम होता. वर्गात हात बाकावर ठेवावे लागायचे. सुट्टीला घरी यायची तेव्हा तिला काही शब्द म्हणता यायचे. ते तिच्या बाईंना कळायचे, आम्हाला कळायचे नाहीत. तिची आई प्रत्येक आवाजाला "हो माय, हो माय" म्हणायची. मुलगी थांबून तिच्याकडे पाहायची आणि मग बोलायचं सोडून द्यायची.

ऐंशीनंतरची एक सुट्टी संपली तेव्हा आम्ही दोघं तिला पोचवायला नागपूरला गेलो. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. शाळेच्या आवारात तिला एक मैत्रीण भेटली आणि दोघींचे हात सुरू झाले. शिक्षक समोर नव्हते. इतके भरभर हात मी गिरणीतही पाहिले नव्हते. बोटं, भुवया, गाल, खांदे, सगळं बोलत होतं. आमची मुलगी काहीतरी सांगत होती, आणि मैत्रीण पोट धरून हसत होती. मग मुलगीही हसली. घरी महिनाभर ती एकदाही तशी हसली नव्हती. मी नीट पाहत होतो. माझ्या ओळखीची एकही खूण त्यात नव्हती.

"काय बोलून राह्यल्या थ्या?" तिच्या आईने विचारलं.

"मले नाई समजत," मी म्हणालो.

"आपल्याबद्दल असंन का?"

"माहीत नाई."

चौकीदाराने हात हलवून सगळ्यांना आत बोलावलं. मुलीने येऊन आमच्या दोघांच्या पाया पडून घेतलं, ट्रंक उचलली आणि मैत्रिणीबरोबर गेली. आम्ही फाटकाशी थोडा वेळ उभे राहिलो. मग हिंगणघाटची गाडी सुटेल म्हणून निघालो.